दुबईतल्या बर्फाची बेगमी

दुबईत बर्फ पडला तर वीज जाऊ नये म्हणून जी काय तयारी लागते, ती एका वर्षी मी जातीनं केली होती. हे मी घरात सांगायला लागलो की थोरली नात मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणते, "दादा, नॉट अगेन," आणि सून विचारते, "अब्बा, चहा टाकू?" विषय बदलायची ही तिची पद्धत. बदलू दे. मी चहाही घेतो आणि सांगायचं ते सांगतोही.

गोष्ट साठच्या दशकातली. अमिराती हा शब्द तेव्हा जन्मालाही आला नव्हता. दुबई इथल्या शेखांची, शारजा तिथल्या शेखांची, आणि इंटरनॅशनल सिटीतला हा आमचा फ्लॅट जिथे आज उभा आहे तिथे नुसती वाळू. गावात वीज येऊन जेमतेम दीड-दोन वर्षं झाली होती. खाडीच्या बाजूला पत्र्याची एक लांबलचक शेड, तिच्यात चार डिझेल इंजिनं, बाहेर रेडिएटर आणि तेलाच्या टाक्या, एवढंच आमचं पॉवरहाऊस. मालक एक विलायती कंपनी. तिचं नाव घेत नाही, कारण पुढे जो गाढवपणा झाला तो तिचा नव्हता. तो सगळा माझा.

मी तिथे स्टोअरकीपर, टायपिस्ट आणि क्लार्क असा तीन माणसांचा एक माणूस होतो. वय तेवीस, आणि अक्कल मात्र साठ वर्षांच्या अव्वल कारकुनाची. तीही उसनी. दुबईला येण्याआधी रत्नागिरीच्या कचेरीत मी दोन वर्षं उमेदवारी केली होती. तिथे एकदा गावच्या विहिरींच्या तक्त्यात एका रकान्यात मी 'निरंक' लिहिलं. सात महिन्यांनी तो कागद मुंबईहून परत आला, तांबड्या शाईत शेरा मारून : 'निरंक कसे? खुलासा व्हावा.' आमच्या अव्वल कारकुनानं तो तक्ता सगळ्या कचेरीसमोर माझ्या नाकापुढे धरला आणि सांगितलं, रकान्यात काहीतरी असायला हवं, नसेल तर ते पैदा करायला हवं. त्या दिवसापासून रिकामा रकाना दिसला की माझा हात आपोआप पेनाकडे जायचा.

ऑक्टोबरात लंडनहून सर्क्युलर आलं. कंपनीची पॉवरहाऊसं जगभर होती, कुठे स्कॉटलंडात, कुठे कॅनडात, त्यामुळे सगळ्यांना एकच कागद. विषय : कडाक्याच्या हिवाळ्यासाठी वीजकेंद्रांची पूर्वतयारी. खाली बत्तीस कलमं, प्रत्येकापुढे एक रकाना, आणि शेवटी जाड टायपात एक ओळ, की हा तक्ता पूर्ण भरून, इंजिनियरची सही होऊन लंडनला रवाना होत नाही तोवर फोरमन आणि त्यावरच्या कोणालाही रजा मिळणार नाही.

आमचा इंजिनियर साहेब भला माणूस होता. उन्हानं भाजून लालेलाल झालेला, इंजिनाशी तासन्‌तास बोलणारा, पण कागद दिसला की तोंड फिरवणारा. त्यानं सर्क्युलर माझ्या टेबलावर टाकलं, "हे तू बघून घे," म्हणाला आणि गेला. बाहेर सावलीत अडतीस डिग्री होतं. मी कलम पहिलं वाचलं : दरवाजांसमोर साठलेला बर्फ हटवण्यासाठी रुंद पात्यांची फावडी, नग बारा.

रजेच्या त्या ओळीनं एकच माणूस अडणार होता, आमचे फोरमन चाचा. त्यांचं गाव माझ्या गावापासून दोन खाड्या सोडून. बाप-आजे गलबतांवरचे तांडेल, हे मात्र मुंबईच्या गोदीत इंजिनं शिकले आणि तिथून आखातात आले. पॉवरहाऊसमधली निम्मी माणसं आमच्याच किनाऱ्याची, ती सगळी त्यांना चाचा म्हणायची, आणि ऐकून ऐकून साहेबही चाचाच म्हणायचा. तीन वर्षं ते घरी गेले नव्हते. एकुलत्या एक मुलीचा निकाह ठरला होता, रमजानच्या आधी, शाबानच्या तिसऱ्या शुक्रवारी, म्हणजे इंग्रजी जानेवारीत. जानेवारीच्या सुरुवातीची मुंबईची बोट त्यांना धरायची होती. ती हुकली की पुढची पंधरा दिवसांनी, म्हणजे निकाह उरकल्यावरच.

मी त्यांना कागद वाचून दाखवला. इंजिनापुरतं इंग्रजी त्यांना येत होतं, वाचता येत नव्हतं. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी विचारलं, "बरफ इथं पडंल?"

"नाही पडणार, चाचा."

"मग?"

"मग काय? कागद आहे ना. भरायला नको?"

त्यांचा चेहरा एकदम उजळला. "म्हंजे आगोट म्हण की. मग तसा सांग ना."

आमच्याकडे मिरगाच्या आधी जी धावपळ चालते ती आगोट. घर शाकारायचं, पश्चिमेच्या अंगाला झावळ्यांचे झाप बांधायचे म्हणजे झड आत येत नाही, अंगणाभोवती चर मारायचा, लाकडं उंचावर चढवायची, सुकी मासळी भरून ठेवायची. हिवाळा नावाची आपत्ती चाचांना ठाऊकच नव्हती. आपत्ती म्हणजे पाऊस आणि तयारी म्हणजे आगोट, एवढं त्यांचं ज्ञान पक्कं होतं. तेव्हा आमची वाटणी झाली. बत्तीस कलमं मी बघायची, आगोट ते बघणार. बोटीला अडीच महिने होते. दोघंही निर्धास्त होतो.

फावडी आम्ही रिकाम्या पिंपांचा पत्रा कापून वर्कशॉपमध्येच बनवली आणि ती वाळू उपसायला इतकी झकास निघाली की आजूबाजूचे लोक मागून न्यायला लागले. बारातली चार परत आली नाहीत.

कलम पाच होतं मिठाचं. बर्फ वितळवण्यासाठी प्रवेशद्वारापाशी मिठाचा साठा. मासळीबाजारातून गाढवांवर लादून पाच गोणी मीठ आणलं आणि फाटकाजवळ ढीग घातला. दुसऱ्या दिवसापासून अख्ख्या वस्तीच्या शेळ्या आमच्या फाटकावर हजर. चाटून चाटून त्यांना तहान लागायची, की त्या आत शिरून रेडिएटरखालच्या गळक्या पाण्याला तोंड लावायच्या. शिफ्टवरच्या माणसाला इंजिन सोडून शेळ्या हाकायला लागल्या. चाचा मला म्हणाले, "लंडनला लिही, म्हणावं बरफ नाय आला, पण शेळ्या आल्या." मी लिहिलं नाही. तसा रकानाच नव्हता.

पाइपांना ऊब राहावी म्हणून गुंडाळायचं होतं. विलायतेहून त्याचं सामान मागवावं तर सहा महिने. आमची माणसं गलबतवाल्यांची नातवंडं, त्यांनी गोणपाट लपेटून वरून काथ्याचा दोर असा ओढून बांधला की बघत राहावं. साहेब ते हातानं चाचपून बघायचा आणि "ब्यूटिफुल" म्हणायचा. कशासाठी बांधलंय हे त्यानं विचारलं नाही. त्याचा समज असा झाला होता की हा आमच्या लोकांचा काहीतरी सणवार आहे, आणि दुसऱ्याच्या सणात नाक खुपसू नये एवढी त्याला रीत होती. हे मला फार उशिरा कळलं.

कलम नऊ : छपरावर दोन फूट बर्फ साचल्यास छप्पर भार पेलेल काय? मी दोन दिवस हिशेब मांडत बसलो. चाचांनी कागद बाजूला सारला, सोळा माणसं छपरावर चढवली आणि अर्धा तास रांगेत उभी केली. साहेब जेवून परत येत होता. त्यानं वर बघितलं. सोळा जण गप्प उभे, खाली इंजिनं चालू. त्यानं माझ्याकडे बघितलं. "कलम नऊ, सर," मी म्हटलं. त्यानं टोपी काढून पुन्हा घातली आणि ऑफिसात गेला. छप्पर पेललं. मी रकान्यात 'होय' लिहिलं, आणि ते लिहिताना मला जो आनंद झाला तो माझ्या स्वतःच्या निकाहात झाला नाही, असं माझी बायको म्हणायची.

गरम कपड्यांची तालीम ऑक्टोबरअखेर झाली. बाजारात जुन्या ओव्हरकोटांचं एक गाठोडं मिळालं, कुठल्या फौजेचे होते अल्लाला ठाऊक. प्रत्येकानं घालून दाखवल्याशिवाय मी त्याच्या नावापुढे खूण करणार नव्हतो. दोघांना घेरी आली. बलुची वॉचमनला मात्र कोट इतका आवडला की त्यानं तो उतरवायला साफ नकार दिला आणि ईदपर्यंत अंगावरच ठेवला.

सुकी मासळी अर्थात चाचांच्या खात्यात. कलम बावीसप्रमाणे रस्ते बंद झाल्यास सात दिवसांचा शिधा लागत होता. त्यांनी तो कोरडी जागा बघून थेट कंट्रोलरूममध्ये ठेवला. चौथ्या दिवशी साहेब नाकाला रुमाल लावून आला आणि सणवार असला तरी हे बाहेर न्या म्हणाला.

आणि ती घंटा. इंजिनांबरोबर विलायतेहून एक खोकं आलेलं होतं, दोन वर्षं कोणी उघडलं नव्हतं. पारा शून्यावर आला की वाजणारी घंटा. कलम चौदा : घंटेची प्रत्यक्ष चाचणी घ्यावी. आता दुबईत शून्य कुठून आणायचं? खाडीपलीकडे बर्फाचा कारखाना होता. मी आणि चाचा ते खोकं मांडीवर घेऊन अब्र्यातून, म्हणजे उतारूंच्या होडीतून, पलीकडे गेलो. कारखान्यात दोन लाद्यांच्या मध्ये घंटा ठेवली. पाव तासानं ती वाजली. कारखान्याची माणसं काम सोडून बघायला आली, चाचांनी सगळ्यांशी हात मिळवले. फक्त मग ती बंद होईना. उन्हात धरली, फुंकर मारली, चाचांनी पान्याचे दोन ठोके दिले, तरी नाही. शेवटी तशीच वाजती घंटा घेऊन आम्ही परत अब्र्यात बसलो. खाडीभर ट्रिंग ट्रिंग. सगळे उतारू आमच्याकडे बघताहेत. नावाडी अर्ध्या खाडीपर्यंत गप्प होता, मग म्हणाला, "यल्ला, खलास करा ना." चाचांनी शांतपणे टोपी काढून घंटेवर घातली. त्यानं आवाज काही कमी झाला नाही.

असं करत डिसेंबरच्या मध्यापर्यंत एकतीस कलमं झाली. राहिलं एकच, अँटीफ्रीझ. इंजिनाच्या पाण्यात मिसळायचं ते औषध, म्हणजे थंडीत पाणी गोठून इंजिन फुटत नाही. दुबईच्या बाजारात मी विचारलं तर एका दुकानदारानं मला खोकल्याची बाटली दाखवली. नोव्हेंबरातच मी मुंबईच्या व्यापाऱ्याला ऑर्डर दिली होती. त्याचं उत्तर आलं की मुंबईत कोणी वापरत नाही, दिल्लीहून काश्मीरकडच्या माणसाकडून मागवतो. मागवलं. डब्यांची पेटी बोटीवर चढली, तार आली. बोट आली, पेटी नाही. पेटी खाली दबलेली, उतरवायची राहून गेली आणि बसऱ्याला पोचली. आता ती बोट परत येताना तीच पेटी दुबईला उतरवणार होती. आणि परत येणारी बोट म्हणजे चाचांचीच बोट.

इतका वेळ हसण्यावारी चाललं होतं, ते इथे थांबलं. चाचा माझ्या टेबलाशी आले. "साहेबाला मी विचारू का रे? एक ओळ राहिली तर राहिली."

मी काय म्हटलं असेन? मी म्हटलं, "चाचा, साहेबाच्या हातात काही नाही. लंडनचा हुकूम आहे. उगाच विचाराल आणि तो कागद पहिल्यापासून तपासत बसेल. पेटी सकाळी उतरली की मी खूण करतो, साहेब सही करतो, तुम्ही दुपारच्या लाँचनं बोटीवर. इन्शाल्ला सगळं जमतं." हे सगळं मी अगदी ठासून सांगितलं. माझ्याकडे कागद होता ना. कागदवाल्याचं म्हणणं खरं मानायची चाचांच्या पिढीला सवय होती.

बोटीच्या दिवशी ते सकाळी सातलाच खाडीच्या धक्क्यावर आले. बोट बाहेर समुद्रात नांगर टाकून उभी राहायची, माल पडावातून आत यायचा आणि माणसं लाँचमधून बाहेर जायची. चाचा पत्र्याच्या पेटीवर बसले होते. पेटीत मुलीसाठी काय काय होतं ते त्यांनी मला महिनाभर आधीपासून सांगून सांगून पाठ करवलं होतं. अंगावर नवा कोट, मान ताठ, कारण कॉलर टोचत होती. मी कस्टमच्या दारात, हातात तक्ता, खिशात पेन.

पहिला पडाव आला, त्यात खजूर. दुसऱ्यात खजूर. बसऱ्याहून दुसरं येणार काय? मी कस्टमच्या कारकुनाशी भांडलो, मुकादमाशी भांडलो, एका हमालाशीही भांडलो, ज्याचा काही संबंध नव्हता. चाचा मला दोनदा हाक मारून म्हणाले, "बस रे जरा. घामाघूम झालास." लाँच एकदा गेली, दुसऱ्यांदा गेली. तिसऱ्या फेरीला लाँचवाल्यानं चाचांकडे बघून हात केला. चाचांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. लाँच गेली. थोड्या वेळानं बाहेर बोटीचा भोंगा झाला. चाचा उठले नाहीत, नुसती कॉलरची गुंडी काढली.

पेटी शेवटच्या पडावात होती.

तिच्यातला एक डबा काखेत मारून मी धावत साहेबाकडे गेलो. का, ते विचारू नका. बोट सुटली होती, तरी रकाना भरायचा होता. मी टेबलावर तक्ता ठेवला, शेजारी डबा ठेवला. साहेबानं डबा उचलला, लेबल वाचलं आणि पहिल्यांदाच मला विचारलं, "हे कशाला?"

मी सांगितलं. सर्क्युलर, बत्तीस कलमं, मीठ, छप्पर, घंटा, सगळं. तो ऐकत गेला आणि त्याचं तोंड उघडं पडत गेलं. म्हणाला, "मला वाटलं, तुमचा काही सण असेल." मग त्यानं कोरा तक्ता घेतला, पेन काढलं आणि पहिल्या कलमापासून बत्तिसाव्यापर्यंत एक लांब तिरकी रेघ मारून तिच्यावर लिहिलं, 'लागू नाही.' खाली सही केली. अर्धं मिनिटही लागलं नसेल. आखातातल्या बाकीच्या पॉवरहाऊसांनी ऑक्टोबरातच तसं लिहून पाठवलं होतं म्हणे. "आणि चाचाची रजा अडली होती तर त्यानं मला विचारलं का नाही?" साहेब म्हणाला.

त्या क्षणी जमीन दुभंगली असती तर मी तिला 'थँक यू' म्हणून आत गेलो असतो.

चाचांना हे मी सांगितलं नाही. भ्यालो. पोस्टात जाऊन त्यांच्या भावाला तार केली, माझ्या जागी तू उभा राहा, मुलीला दुवा. मजकूर त्यांनी सांगितला, लिहिला मी. फॉर्मवरचा एकही रकाना मी रिकामा सोडला नाही, हेही सांगून टाकतो.

निकाहाचा शुक्रवार उजाडला तो ढगाळच. जुम्म्याच्या नमाजाहून परत येतो तर वारा फिरला होता. वायव्येकडून असा सुटला की वाळू तोंडावर सपासप लागायला लागली, आणि मग पाऊस. दुबईत पाऊस पडतो तो वर्षाचा एका दिवसात पडतो. वाळवंटाच्या अंगानं पाण्याचे लोट आले. गल्ल्यांतून गुडघाभर पाणी, खजुरीच्या फांद्यांच्या बारस्ती झोपड्या आडव्या, आणि आमची शेड कोरडी. चाचांनी भोवती मारलेला चर पाणी खाडीकडे नेत होता. वायव्येच्या बाजूला त्यांनी खजुरीच्या झावळ्यांचे झाप लावले होते, भिंतीला चिकटून नाही, पडवीच्या उताराला असतात तसे हातभर पुढे आणि तिरपे, म्हणजे इंजिनाला हवा मिळावी पण झड आत येऊ नये. तेलाची पिंपं दगडांवर चढवलेली होती. माझ्या बत्तीस कलमांपैकी कामाला आली ती फक्त फावडी, आठच्या आठ. मिठाचा ढीग पहिल्या तासात विरघळून गेला आणि शेळ्यांचा प्रश्न सुटला.

दिवस मावळायच्या आत पाऊस थांबला. गावातला एकही दिवा गेला नाही. पण मला आठवतं ते त्याच्या आधीचं. चारच्या सुमारास चाचा तिसऱ्या इंजिनापाशी होते. त्यांनी मला विचारलं, "तिकडं आता किती?"

"साडेपाच."

"झाला असंल." त्यांनी हात चिंध्यांना पुसले, दोन इंजिनांच्या मध्ये उभे राहिले आणि दुवेसाठी हात उचलले. बोटांच्या पेरांत काळं तेल तसंच होतं. मला तिथे थांबवेना. मी बाहेर पावसात जाऊन चर उपसायला लागलो, आणि उपसता उपसता स्वतःला शिव्या घातल्या, मोठ्यानं, सगळ्या भाषांतून.

आठवड्यानं साहेब म्हणाला, चाचाला कंपनीतर्फे एक पत्र देऊ या, तू मसुदा कर. मला वाटलं, अल्लानं संधी दिली. मी तीन दिवस त्या पत्रावर बसलो. डिक्शनरी काढली. पाऊस, वारा, झाप, सगळं आणलं आणि शेवटी माझ्या मते हिऱ्यासारखं एक वाक्य बसवलं : आपल्या एकुलत्या एक कन्येच्या विवाहास जाण्याची मोकळीक असतानाही, यांनी स्वेच्छेने कर्तव्याच्या जागी राहणे पसंत केले. 'स्वेच्छेने'साठीच्या इंग्रजी शब्दाचं स्पेलिंग मी तीनदा तपासलं. माझ्या चुकीचा त्यात मागमूस नव्हता आणि चाचा तर थेट हीरो झाले होते. साहेबानं न वाचताच सही केली. चाचांनी विचारलं, काय लिहिलंय? मी म्हटलं, तुमची तारीफ. त्यांनी ते पत्र काच लावून घेतलं आणि आमच्याकडच्या एका माणसाबरोबर घरी पाठवलं.

मे महिन्यात ते महिनाभर जाऊन आले. मी विचारलं, मुलगी कशी आहे? "बरी हाय. जरा गप्प गप्प होती. सासरी गेल्यावर पोरी तशाच होतात." मीही हो म्हटलं. तेव्हा मला पोरींबद्दल काय ठाऊक होतं?

चाचांना जाऊन आता चाळीसेक वर्षं झाली. दहा-बारा वर्षांमागे मी गावाला गेलो होतो तेव्हा त्यांच्या मुलीकडे जाणं झालं. नवरा शाळामास्तर, तोही वारलेला. तिनं घावणे केले, मला आग्रह करकरून वाढले, नातवंडांना बोलावून सांगितलं, हे तुमच्या पणजोबांबरोबर दुबईला होते. मी हसून विचारलं, "बाय, ते काचेतलं पत्र कुठाय गं? भिंतीवर दिसत नाही."

ती आत गेली, ट्रंक उघडल्याचा आवाज आला, आणि ते पत्र साडीच्या घडीत गुंडाळलेलं घेऊन आली. "माहेरचं घर मोडलं तेव्हा इकडे आणलं. पण लावलं नाही, भाई. लग्नानंतर महिन्यानं हे आलं होतं. मास्तरांनी मला मराठीत वाचून दाखवलं. अब्बांना यायला मोकळीक होती, पण त्यांनी आपल्या खुशीनं कामावर राहायचं ठरवलं." ती काचेवरून पदर फिरवत होती. "मी त्यांना कधी विचारलं नाही. विचारून काय करायचं? कागदावर लिहूनच आलं होतं. मग ते गेले."

पन्नास वर्षं मी समजत होतो की एका चुकीची मी भरपाई केली. आणि ती भरपाई या बाईनं पन्नास वर्षं ट्रंकेत कोंडून ठेवली होती.

मी ताट बाजूला सारलं आणि सगळं सांगितलं. पत्र मी लिहिलंय इथपासून सुरुवात केली. कागद, बत्तीस कलमं, अँटीफ्रीझ. साहेबाला विचारू का म्हणाले आणि मी नको म्हटलं, तेही. शेळ्यांपाशी ती हसली, घंटेपाशी पदर तोंडाला लावून हसली, आणि धक्क्यापाशी आल्यावर हसू थांबलं. तिनं मला मध्येच अडवलं.

"धक्क्यावर किती वाजता आले होते?"

"सातला. बोट दुपारची, तरी सातला."

"सामान होतं?"

"पेटी होती. तुझ्यासाठी बांगड्या, दोन जरीचे कपडे, अत्तर, एक आरसा. मला पाठ होतं सगळं."

"बांगड्या आणल्या होत्या मे महिन्यात," ती म्हणाली. "मी म्हटलं, ठेवा तिकडे." बाहेर पोरं खेळत होती. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर तिनं हातानंच थांबवलं. तिला माझी माफी नको होती, तिला दुसरंच काहीतरी नीट ऐकायचं होतं.

"म्हणजे अब्बांना यायचं होतं."

"हो, बाय," मी म्हटलं. "नवा कोट घालून बसले होते."